एकशे बारानंतर

साखळीच्या वाचनालयात, वाळवंटीकडच्या खिडकीखाली,
दोन कादंबऱ्या एकाच वर्षी वाळवीने धरल्या.
एकीत केंकरे मास्तर. दुसरीत दोना एर्मेलिंदा.
दोन्ही एकाच गोणपाटाच्या पिशवीतून
फोंडू गावसाकडे गेल्या शिवायला
आणि परत आलं एकच जाड पुस्तक,
खळीचा नि मोरचुदाचा वास,
कडांना खाणीच्या ट्रकांची लाल धूळ.

मी अकरा वर्षांची. मला काय ठाऊक.
मी ते एकच म्हणून वाचलं.

केंकरे मास्तर आधी ऐकू यायचे.
करकरणारी वहाण, मग खोकला, तपकिरीची शिंक,
मग हाक, पोराच्या नव्हे, बापाच्या नावानं:
"काय रे गोपाळच्या, बाप बिया वेचतो
आणि तू शब्द सांडतोस?"
छडी निरगुडीची. रोज ताजी.
ज्याला खायची त्यानंच तोडून आणायची.
मारताना मोजायचे नाहीत, दमायचे,
आणि दमले की पाणी मागायचे
त्याच पोराकडे.

दोना एर्मेलिंदा ऐकूच यायची नाही.
तिच्या वर्गात निळा नकाशा,
त्यात आपलं गाव नखातल्या मळाएवढंही नाही.
रुमालाला ओदिकलोन.
टेबलावर पालमातोर: गोल फळी, मध्ये पाच भोकं,
भोकांतून वारा निसटतो, फटका अडत नाही.
ती कधी ओरडली नाही.
कृपा करून हात पुढे कर, म्हणायची,
आणि बारा म्हणजे बारा.
पोरांची नावं तिनं पहिल्याच दिवशी बदलली होती,
स्वतःच्या जिभेला सोयीची.

जास्त वाईट कोण?
माझा भाऊ शाणू म्हणायचा, मास्तर. त्याला आवाजाची भीती.
मी म्हणायचे, दोना.
मास्तरच्या हाताखाली तू निदान गोपाळचा असतोस,
तिच्या हाताखाली कोणाचाच नाही.
पेज निवून जायची, आम्ही भांडत असायचो.

पण एकशे बारा पानावर आम्ही दोघंही गप्प व्हायचो.
तिथं शेवटची ओळ:
*मास्तरांनी हात वर उचलला, आणि*
पान उलटलं की
*खाली आला तेव्हा कोणाला कळलंही नाही.*
खिडकी निळी झालेली, ओदिकलोनचा वास.
आम्हाला यात काही चुकलंय असं वाटलंच नाही.
हात एकानं उचलायचा, दुसऱ्यानं आणायचा खाली.
तळवा तेवढा एकाचाच.

पुढे पणजीत, कॉलेजात,
मास्तरांची धड प्रत मिळाली.
उभ्या उभ्याच काढलं एकशे तेरा.
मास्तर बघतात: पोराचा तळवा काजूच्या डिकानं सोललेला.
छडी खिडकीबाहेर टाकतात.
वर्गाकडे पाठ करून फळा पुसत राहतात,
कोरा फळा.
(एकशे एकवीसवर पुन्हा मारतात. तो भाग वेगळा.)
एवढी वर्षं हे पान
मी त्यांच्या नावावर जमाच केलं नव्हतं.
दोनाची धड प्रत अजून मिळालेली नाही.
तिच्या एकशे बारावर काय होतं कोण जाणे.
मी शोधते, पण फार जोरात नाही.

गेल्या चतुर्थीला फोंडूकडे गेले.
म्हटलं, दोन पुस्तकं एक कशी केलीस रे?
तो हसला, दात दोनच उरलेले.
"म्हाका अक्षरां कळनात, बाय. आंकडे कळटात.
एकशें बारा मागीर एकशें तेरा. चुकलें खंय?"
शाळा? "गेल्लों. दोन दीस."
तिसऱ्या दिवसाचं मी विचारलं नाही.

तो पुन्हा शिवायला लागला.
मी दाराआडून पाहिलं,
दाभण डाव्या हातात, सुसाट,
जणू मासळी पाण्यात.
मी चप्पल सरकवली, आवाज झाला,
आणि सत्तरीच्या त्या माणसानं, मान वर न करता,
दाभण गुपचूप
उजव्या हातात घेतली.